आटलेल्या नदीची फिर्याद



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी फोनवर जरा चाचरतच विचारलं, "सतराव्या शतकातल्या अमेरिकेतली दुष्काळाची कविता, आणि ती सावद्याला? केळीवर काही नाही का?" मी म्हटलं, केळीवर येणारच आहे, पण लांबच्या वाटेने येईन. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबच्या वाटेचं वावडं नव्हतं असं आपणच मला सांगितलंत. तेव्हा तेवढी सवलत घेतो.

सन १६६२. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बोस्टनच्या जवळ मॉल्डन नावाचं लहान गाव. तिथे मायकेल विगल्सवर्थ नावाचे धर्मोपदेशक होते. वय एकतीस, प्रकृती कायमची नाजूक. आजारपणामुळे वर्षानुवर्षं त्यांना नीट प्रवचन करता येत नसे, म्हणून ते कविता लिहीत. त्या वर्षी पाऊस आला नाही. पिकं करपली, गुरं हंबरू लागली, उपास झाले, सामुदायिक प्रार्थना झाल्या. विगल्सवर्थांनी एक दीर्घ कविता लिहिली. 'गॉड्स कॉन्ट्रव्हर्सी विथ न्यू इंग्लंड' हे तिचं नाव. देवाने न्यू इंग्लंडवर लावलेली फिर्याद, असं आपण म्हणू. महादुष्काळाच्या काळात लिहिली, आणि न्यू इंग्लंडचं भलं चिंतणाऱ्याने लिहिली, असं त्यांनी शीर्षकाखालीच नोंदवून ठेवलं.

कवितेत आधी त्या भूमीचं जुनं रूप येतं: अंधारं, भयाण रान. मग धर्मासाठी घरदार सोडून समुद्र ओलांडून आलेली पहिली पिढी येते, आणि रानाची बाग होते. आणि मग आभाळ गडगडतं. देव स्वतः बोलू लागतो, आणि बोलतो तो सरकारी वकिलासारखा. ज्यांना मी हातावर धरून आणलं ती हीच माणसं का? बापांनी माझ्यासाठी सगळं सोडलं, पोरं जमिनीच्या तुकड्यासाठी भांडतात. गर्व, आळस, कलह, संसारातली गुंतवणूक, धर्मात कोमटपणा. एकेक कलम वाचलं जातं आणि मग शिक्षा: रोगराई, कधी पाऊस जास्त, कधी पाऊसच नाही. शेवटी मात्र कवी देवाचा आवाज बाजूला ठेवतो आणि आपल्या भूमीशी मायेने बोलतो. तुझ्यात अजून चांगली माणसं आहेत, अजून वेळ गेलेली नाही, असं सांगतो.

त्याच वर्षी त्यांची दुसरी कविता छापून आली, 'द डे ऑफ डूम', कयामतीच्या दिवसाचं वर्णन. तिच्या अठराशे प्रती वर्षभरात संपल्या. मूठभर लोकवस्तीच्या त्या वसाहतीत हा आकडा प्रचंड होता. लोकांनी ती इतकी हाताळली की पहिल्या आवृत्तीच्या प्रती फाटून झिजून गेल्या. दुष्काळाच्या कवितेच्या नशिबी हे आलं नाही. ती हस्तलिखितातच राहिली आणि छापली गेली १८७३ साली, दोनशे अकरा वर्षांनी. नरकाचं वर्णन लोकांनी मिटक्या मारत वाचलं. आपल्याच गावावरचं आरोपपत्र कपाटात पडून राहिलं.

दुष्काळाची कविता वाचताना मी एकच प्रश्न विचारतो: आरोपी कोण? बाकी सगळं, भेगाळलेली जमीन, कोरडी वाळू, गुरांचे डोळे, हे थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं. कवी बोट कुणाकडे दाखवतो, यावर त्या कवितेची आणि त्या समाजाची जात ठरते. विगल्सवर्थांनी बोट दाखवलं स्वतःच्या माणसांकडे. शेजारच्या राज्याकडे नाही, राजाकडे नाही. हे धैर्याचं काम होतं, कारण सकाळी त्याच माणसांना तोंड दाखवायचं होतं.

पण आरोपांची यादी पुन्हा वाचा. तिच्यात कुऱ्हाड नाही.

विल्यम क्रोनन या इतिहासकारांचं 'चेंजेस इन द लँड' हे १९८३ सालचं पुस्तक आहे. वसाहतवाल्यांनी न्यू इंग्लंडच्या जमिनीचं, झाडांचं, पाण्याचं काय केलं, याचा तो बारकाईने केलेला हिशेब आहे. जंगल तुटलं तसं बर्फ लवकर वितळून एकदम वाहून जाऊ लागलं. वसंतात पूर आणि उन्हाळ्यात ओढे कोरडे, असं चक्र सुरू झालं. त्याहून मजेदार गोष्ट बीव्हरची. हा मांजराहून बराच मोठा, दातांनी झाडं पाडणारा प्राणी ओढ्यांवर स्वतःच बांध घालतो. त्याच्या बांधामागे तळी साचत, पाणी थबकत, जिरत. युरोपात त्याच्या केसांच्या टोप्यांची फॅशन होती. कनेटिकट नदीकाठी स्प्रिंगफील्डला पिंचन घराण्याने कातड्यांचा मोठा व्यापार उभा केला. शतक संपेपर्यंत त्या भागातून बीव्हर जवळपास गेले, त्यांचे बांध फुटले, तळी वाहून गेली. १६६२ चं अवर्षण यामुळे झालं असं मी म्हणत नाही. त्या वर्षी पाऊसच कमी झाला. पण पुढच्या पिढ्यांचे ओढे कोण आटवत होतं, हे त्या फिर्यादीत कुठेच नव्हतं. कवितेतल्या देवाने माणसांनी न केलेले गुन्हे नोंदवले आणि त्यांनी केलेला गुन्हा सोडून दिला.

दुसरीही एक गोष्ट सुटली. ज्याला कवी भयाण रान म्हणतो, तिथे माणसं राहत होती. शेती करत होती, मासे धरत होती, रान जाळून राखत होती. १६६३ साली अमेरिकेत पहिलं बायबल छापलं गेलं, ते इंग्रजीत नव्हतं. जॉन इलियट यांनी ते मॅसॅच्युसेट लोकांच्या भाषेत उतरवलं होतं. म्हणजे त्या लोकांना उपदेश करण्यासाठी त्यांची भाषा शिकली गेली. त्यांच्या नदीबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे, हे विचारण्यासाठी मात्र नाही. सातपुड्यातल्या तडवी आणि पावरा मंडळींचे ओढ्यांबद्दलचे अनुभव आपण किती ऐकून घेतले, हा प्रश्न इथे सहज मनात येतो. उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

त्याच वसाहतीत नदीवर मनापासून प्रेम करणारी एक कवयित्री होती, ॲन ब्रॅडस्ट्रीट. तिचं पुस्तक १६५० साली लंडनमध्ये छापलं गेलं, आणि ते तिला न विचारता मेहुण्याने नेऊन छापलं. तिची 'कंटेम्प्लेशन्स' ही कविता तिच्या मृत्यूनंतर, १६७८ च्या आवृत्तीत आली. त्यात ती नदीकाठी बसते. नदी वाटेतले अडथळे ओलांडत, उपनद्यांना हाताशी धरत समुद्राकडे निघालेली असते, आणि कवयित्रीला वाटतं, आपल्यालाही आपल्या माणसांना असंच घेऊन जाता आलं तर. या नदीला मे महिना माहीत नाही. ती भरलेलीच आहे.

आता इकडे येऊ. ॲन ब्रॅडस्ट्रीट 'आर्बेला' जहाजातून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली ती १६३० च्या जूनमध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस आला नाही. गुजरात, खानदेश, दख्खन या पट्ट्यातला १६३० ते ३२ चा तो भीषण दुष्काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला. सुरत ते बऱ्हाणपूर हा तेव्हाचा राजरस्ता खानदेशातूनच जाई. नंदुरबारला प्रेतांमुळे त्याला तंबू ठोकायला जागा मिळेना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या बऱ्हाणपुरात तेव्हा शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी तळ देऊन होता. मुमताजमहल तिथेच गेली, १६३१ च्या जूनमध्ये. बादशहाने अन्नछत्रं उघडली, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असे वीस सोमवार, असा हिशेब लाहोरीच्या 'बादशाहनाम्या'त आहे. एक लाख रुपये. फौजेवर त्याच वर्षी किती खर्च झाला हे दरबारी इतिहासकार त्याच ओळीत लिहीत नाही, आणि लिहिण्याची अपेक्षाही नाही.

बऱ्हाणपुराचं नाव निघालं म्हणून एक फाटा घेतो. दुष्काळाच्या पंधरा वर्षं आधी, १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात तिथे कुंडी भांडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचं मुरणारं पाणी जमिनीखालून बोगद्याने शहरात आणायचं आणि वर ठरावीक अंतराने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं ठेवायची. इराणी पद्धतीचं हे काम. तेव्हा तिथला सुभेदार होता अब्दुर्रहीम खानखाना. आपण शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम. पाण्याची थोरवी सांगणारा त्याचा दोहा अर्ध्या हिंदुस्थानला येतो. कवी सुभेदार असला की निदान पाण्यावर बोलताना त्याने पाण्याचं काहीतरी केलेलं असतं. ही सूचना नाही, तरी कुणी मनावर घेतली तर हरकत नाही.

तर १६३० चा दुष्काळ आणि मराठी कविता. तुकोबांची पहिली बायको त्या दुष्काळात अन्नावाचून गेली. मुलगा गेला, दुकान बसलं, प्रतिष्ठा गेली. स्वतःच्या आयुष्याविषयी सांगणाऱ्या अभंगात हे सगळं येतं, पण कसं येतं ते पाहण्यासारखं आहे. तक्रार नाही, आरोप नाही. आहे ती लाज. आपल्या डोळ्यांदेखत आपलं माणूस भुकेने जातं, याची लाज. आणि त्या लाजेतून विठ्ठलाकडे वळणं. विगल्सवर्थांना दुष्काळात देवाचा आवाज ऐकू आला तो गावाला झापणारा. तुकोबांनी गावाला यात ओढलंच नाही. गावाला झापण्याचं काम त्यांनी इतरत्र भरपूर केलं, ढोंगावर, सोवळ्यावर. पण दुष्काळाबाबत आरोपी कुणी असेल तर तो ते स्वतःच.

समर्थ रामदास त्या दुष्काळानंतर बारा वर्षं देश फिरले. त्यांच्या 'अस्मानी सुलतानी' प्रकरणात आरोपी दोन आहेत, आभाळ आणि सत्ता. पाऊस नाही हे खरं, पण जे उरलं ते लुटणारा कोण, हेही खरं. दुष्काळात राज्यकर्त्याचं नाव घेण्याची रीत मराठीत तिथून पक्की झाली. पुढे इंग्रज आले, मग आपलं सरकार आलं. 'अस्मानी' आणि 'सुलतानी' हे दोन शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी इतके वापरले की आता ते अग्रलेखाचा मथळा झालेत. हे दोन आरोपी उभे केले की आपलं काम संपतं.

आता खानदेशची आधुनिक कविता. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, कर्नल कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली. धरणगावचा सतरा वर्षांचा एक पोरगा तिथे कविता म्हणून गेला आणि बालकवी झाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यांचा जन्म १८९० चा. म्हणजे छप्पनचा दुष्काळ, १८९९-१९०० सालचा, त्यांच्या नवव्या-दहाव्या वर्षी खानदेशावरून गेला. संवत १९५६ चा म्हणून छप्पन. तरी 'निर्झरास'मधला झरा खेळतोच आहे, खडकांवरून उड्या मारतोच आहे. यात दोष काढायचा नाही. ब्रॅडस्ट्रीटची नदीही भरलेलीच होती. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला भरलेलं पाणीच लिहावंसं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

बहिणाबाईंचं वय तेव्हा एकोणीस-वीस. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून. छप्पनही पाहिला, प्लेगही पाहिला, तिशीत वैधव्य आलं. अक्षर येत नव्हतं. लेक सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी गाणी वहीत उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली. दोन्हीकडच्या दोन बाया, दोघींची कविता घरच्या पुरुषांनी छापखान्यापर्यंत नेली. फरक इतकाच की ब्रॅडस्ट्रीटच्या घरी मोठं ग्रंथालय होतं.

बहिणाबाईंच्या गाण्यांत पाणी हे काम म्हणून येतं. मोट हाकायची, पाट काढायचा, पेरणीच्या वेळी आभाळाकडे पाहायचं. नदीचं सौंदर्य पाहत बसायला त्यांना वेळ नव्हता. पण त्यांची 'मानूस' ही कविता आपण फार गोड करून ठेवली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती पेटीवर म्हणतात. खरं तर ते आरोपपत्र आहे. गाय-म्हैस चारा खाऊन दूध देते, आणि पोट भरलेला माणूस उपकार विसरतो. जनावर प्रामाणिक, माणूस लोभी. तू माणूस कधी होशील, असा थेट सवाल. विगल्सवर्थांना हेच बोलायला ढगांतून देव खाली आणावा लागला. आपल्या लेवा बोलीत एका शेतकरणीने ते स्वतःच्या नावावर, ओट्यावर बसून सांगितलं. दुष्काळाची म्हणून ती लिहिलेली नाही, पण खानदेशातल्या आजच्या आटलेल्या नद्यांना लागू पडेल अशी आपल्याकडची कविता कोणती, असं कुणी विचारलं तर मी हिचंच नाव घेईन.

का, ते सांगतो.

रावेर-यावलच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू, भरड मातीचा पट्टा आहे, ज्याला भूगर्भवाले बझाडा म्हणतात. सुकी, भोकर, मोर या नद्या डोंगरातून उतरतात आणि या पट्ट्यात त्यांचं पाणी भराभर मुरतं. मग ते तापीच्या गाळाच्या खोल थरांत जाऊन बसतं. म्हणजे उन्हाळ्यात सुकीचं पात्र कोरडं पडणं यात नवल नव्हतं. पण पात्र कोरडं असलं तरी वाळूत हातभर खणलं की झिरा लागे, आणि काठच्या विहिरीवर मोट चाले. नदी वरून आटली तरी खालून जिवंत होती. ती खालून आटली ती विजेचे पंप आले, मग ट्यूबवेल आल्या, तेव्हा. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत रावेर आणि यावल हे तालुके वर्षानुवर्षं अतिउपशाच्या यादीत आहेत. नेहमीच्या मापाचा पाऊस पडलेल्या वर्षीही ते त्या यादीत असतात. म्हणजे अस्मानीवर हा खटला चालत नाही.

उपसा कशासाठी, हे सावद्यात सांगायला नको. केळीला बारा-चौदा महिने पाणी लागतं, आणि ऐन वैशाखात सगळ्यात जास्त. सावद्याच्या स्टेशनातून केळीच्या वॅगनी उत्तरेकडे गेल्या, त्यावर इथली घरं उभी राहिली, पोरं शिकली, हा हॉलही बहुधा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. याचा अभिमान मलाही आहे. ठिबक आपण देशात आधी स्वीकारलं, त्याचं श्रेय जळगावलाच जातं. पण ठिबकने जे पाणी वाचलं त्यावर आपण आणखी खोडं लावली. नळीतून थेंबथेंब पडतं म्हणून जमिनीतून उपसलेलं कमी होत नाही. यात शेतकरी एकटा दोषी असं म्हणणं शहरी उद्धटपणा ठरेल. वादळात एका रात्रीत बाग आडवी होते, सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की झाडं उपटून फेकावी लागतात, कापणीच्या दिवशी भाव कोसळतो. कमी पाण्याचं पीक घ्या असं सांगणारा त्या पिकाचा भाव देत नाही. हे सगळं मान्य. तरीही उपसा आपला आहे. तो सुलतानाने केलेला नाही.

इथे विगल्सवर्थ पुन्हा आठवतात, आणि आता गंमत उलटी आहे. त्यांच्या लोकांनी जो दुष्काळ घडवला नव्हता, त्याचा दोष त्यांनी आपल्या माथी घेतला. आपण जो घडवला, त्याचा दोष आभाळाला देतो. आपल्या कविसंमेलनांत दुष्काळाची कविता भरपूर आहे, चांगलीही आहे. तिच्यात रुसलेला पाऊस असतो, बहिरं सरकार असतं, आत्महत्या केलेला बाप असतो. दोनशे मीटर खाली गेलेली मोटार नसते. शेजाऱ्याची बोअर आटावी म्हणून आपली आणखी खोल नेणारा भाऊबंद नसतो. आणि भाऊबंदकी हा तर आपल्या साहित्याचा हुकमी विषय!

१८५२ साली इंग्रजांनी जमिनीची मोजणी सुरू केली तेव्हा सावद्यात दहा-पंधरा हजार लोक जमले होते, फौज आणून त्यांना पांगवावं लागलं, अशी नोंद खानदेशच्या गॅझेटियरात आहे. या गावाला एकत्र येता येत नाही असं कुणी म्हणू नये. सारा वाढणार हे कळल्यावर हजारोंनी जमलेलं हे गाव, पाणी उतरतंय हे कळल्यावर एकदाही जमलं नाही. मोजणी विहिरीची झाली असती तर काय झालं असतं कोण जाणे.

तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. तापीचं पुराचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यातून नेऊन त्याच बझाड्यात मुरवायचं, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे, कुंडी भांडाऱ्याच्या जातीची आहे, आणि ती पूर्ण व्हावी. पण मुरवलेलं पाणी उपसायचं कुणी, किती, याचा नियम करारात येऊन चालणार नाही, तो गावात यावा लागेल. धुळ्याकडे पांझराकाठी फड पद्धतीत असा नियम लोकांनीच केला होता. कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळे मिळून ठरवत, पाणी सोडणं पाटकऱ्याच्या हाती असे आणि मोठ्या घरचाही मळा त्याला अपवाद नसे. तो नियम कुठल्या कवीने लिहिला नव्हता. पण विगल्सवर्थांच्या फिर्यादीहून तो जास्त कामाचा होता, हे मी कवितेचा विद्यार्थी असूनही कबूल करतो.

मग कवितेने काय करायचं? माझी मागणी थोडी आहे. इथे समोर तरुण मुलं-मुली बसली आहेत, त्यांतले काही लिहिणारे असतील. त्यांनी पावसाला पुढची काही वर्षं जरा विश्रांती द्यावी. सुकीवर लिहावं, भोकरवर लिहावं, आणि आपल्या घरच्या ट्यूबवेलवर लिहावं. लेवा बोलीत लिहावं, कारण प्रमाण मराठीत आरोप केला की तो दुसऱ्या कुणावर तरी केल्यासारखा वाटतो. आणि लिहिलेलं कविसंमेलनात न वाचता केळीच्या लिलावाला जमलेल्या लोकांसमोर, ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचावं. लोक चिडतील. विगल्सवर्थांच्या कवितेवर कुणी चिडलं नाही, कारण कुणी वाचलीच नाही.

आणि जे लिहिणारे नाहीत त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. येत्या मे महिन्यात प्रत्येक बागायतदाराने आपली बोअर किती फुटांवर आहे आणि पाणी किती फुटांवर लागतं, हे दोन आकडे गावच्या चावडीवरच्या फळ्यावर स्वतःच्या नावासमोर स्वतःच्या हाताने लिहावेत.